बापाचे पॅड, मुलाचे पाय

आमच्या माळ्यावर बाबांची एक जुनी किटबॅग आहे. दर दिवाळीला ती खाली उतरते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि ती पुन्हा वर जाते. आई दरवर्षी म्हणते, "आता तरी देऊन टाका कुणाला." बाबा दरवर्षी ऐकू न आल्यासारखं करतात. कॉलेजात असताना ते टीमचे ओपनर होते. पुढे बँकेत लागले आणि खेळ सुटला.

गेल्या दिवाळीत मात्र त्यांनी बॅग उघडली. आतून पॅड काढले, ओल्या फडक्यानं पुसले आणि माझ्या धाकट्या भावाला हाक मारली, "अरे, जरा घालून बघ." भाऊ चौदा वर्षांचा. पॅड त्याला असे बसले, जणू त्याच्याच मापाचे. बाबा बघतच राहिले. बापाची चप्पल मुलाला यायला लागली की त्याच्याशी मित्रासारखं वागावं, असं आपल्याकडे म्हणतात ना, तसलाच काहीतरी तो क्षण होता.

भावानं पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "मस्त आहेत बाबा. पण मी बॉलर आहे."

आई स्वयंपाकघरात खुदकन हसली. बाबा हसले नाहीत.

मंडळी, त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय. वडीलही क्रिकेटपटू, मुलगाही क्रिकेटपटू, अशा घरांत नेमकं काय होत असेल? आपण बाहेरून म्हणतो, "काय नशीब आहे! घरातच कोच, घरातच ओळख." पण घराच्या आत काय चालतं? म्हणून या वेळच्या सदरात अशाच काही जोड्यांची गोष्ट. क्रिकेट आवडत नसलं तरी वाचा. गोष्ट खरं तर घराघरातलीच आहे.

शतक मिळालं, जागा मिळाली नाही

सुरुवात लाला अमरनाथ यांच्यापासूनच करायला हवी. डिसेंबर १९३३. मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतात होणारा पहिलाच कसोटी सामना, समोर इंग्लंड. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या लालांनी ११८ धावा केल्या. भारताकडून कसोटीत झालेलं हे पहिलं शतक.

लालांचे तिन्ही मुलगे क्रिकेट खेळले. सुरिंदर आणि मोहिंदर कसोटीपर्यंत पोचले, तर राजिंदर प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. १९७६ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सुरिंदर यांनी कसोटी पदार्पण केलं आणि पहिल्याच डावात १२४ धावा ठोकल्या. बापाचं पदार्पणात शतक, मुलाचंही पदार्पणात शतक! सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, "काहीही दाखवतात."

पण पुढचं ऐका. सुरिंदर एकूण १० कसोटी खेळले आणि ते शतक त्यांचं एकुलतं एक ठरलं. धाकट्या मोहिंदरचं उलटं झालं. १९६९ साली पहिली कसोटी खेळल्यावर दुसरीसाठी त्यांना थेट १९७६ पर्यंत थांबावं लागलं. ती दुसरी कसोटी म्हणजे भावाच्या पदार्पणाचीच. त्यानंतरही मोहिंदर संघात आले, बाहेर गेले, पुन्हा आले, पुन्हा बाहेर गेले. १९८२-८३ च्या मोसमात त्यांनी पाकिस्तानात तीन आणि वेस्ट इंडिजमध्ये दोन शतकं केली. ब्रिजटाऊनला चेंडू तोंडावर लागला, टाके पडले, तरी ते परत येऊन खेळले. त्याच वर्षीच्या विश्वचषकात उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत सामनावीर तेच. अंतिम सामन्यात शेवटचा गडी, मायकेल होल्डिंगचा, त्यांनीच टिपला.

आणि मग? त्यानंतर काही महिन्यांतच वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. मोहिंदर यांच्या सहा डावांतल्या धावा मोजा: ०, ०, १, ०, ०, ०. पुन्हा संघाबाहेर.

आडनाव तर 'अमरनाथ'च होतं ना? त्या आडनावानं त्यांच्यासाठी एक धाव तरी काढली का? मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. क्रिकेटपटूच्या घरात जन्मलेल्या मुलाला खूप काही आयतं मिळतं. चालायला लागल्यापासून हातात बॅट, चांगलं किट, नेटची सवय, चूक तिथल्या तिथे सांगणारं माणूस. कुठल्या मैदानावर जायचं, कुणाला भेटायचं हे शोधत फिरावं लागत नाही. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. रांचीत पंप ऑपरेटरची नोकरी करणाऱ्या वडिलांच्या मुलाला, म्हणजे धोनीला, किंवा हैदराबादच्या रिक्षाचालकाच्या मुलाला, म्हणजे मोहम्मद सिराजला, यातलं काहीच मिळालं नव्हतं. पण बाविस यार्डांवर पोचल्यावर सगळे सारखेच. तिथे चेंडू आडनाव विचारत नाही.

परतीची वीस मिनिटं

दिवाळीनंतर एका रविवारी भावाची मॅच होती. संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, हरल्याचं एवढं काही वाटत नाही गं. पण मैदानापासून घरापर्यंतची स्कूटरवरची वीस मिनिटं असतात ना, ती नको वाटतात."

त्या वीस मिनिटांत बाबा मागे वळून वळून बोलत असतात. पाय कुठे चुकला, कुठला चेंडू टाकायला नको होता, "आमच्या वेळी आम्ही…" वगैरे. बाबा वाईट नाहीत हो. उलट फार जीव लावणारे आहेत. म्हणूनच मला संजय मांजरेकर यांची आठवण झाली.

विजय मांजरेकर हे मुंबईचे मोठे फलंदाज. ५५ कसोटी, ३२०८ धावा, ७ शतकं. १९६५ साली चेन्नईला त्यांनी शेवटच्या कसोटीत नाबाद शतक केलं आणि त्यानंतर त्यांना कधीच संघात घेतलं गेलं नाही. जाता जाता शतक केलेला माणूस घरी बसला. ते दुःख आत कुठे जाऊन बसलं असेल?

त्यांचे चिरंजीव संजय मांजरेकर यांचं आत्मचरित्र २०१७ साली आलं. त्याचं नाव 'इम्परफेक्ट'. त्यात त्यांनी फार मोकळेपणानं लिहिलंय की, वडिलांबद्दल आपल्या मनात सगळ्यात मोठी भावना कुठली होती, तर भीतीची. एखादा नावाजलेला माणूस आपल्या नावाजलेल्या वडिलांबद्दल असं लिहितो, तेव्हा वाचणारा क्षणभर थांबतोच.

विजय मांजरेकर १९८३ साली गेले. संजय यांची पहिली कसोटी १९८७ सालची. पदार्पणातच विन्स्टन बेंजामिनचा उसळता चेंडू डोळ्याजवळ लागून त्यांना मैदान सोडावं लागलं. पण १९८९ साली ते वेस्ट इंडिजमध्ये ब्रिजटाऊनला शतक करून आले आणि त्याच वर्षी लाहोरला त्यांनी पाकिस्तानविरुद्ध २१८ धावा केल्या. वडिलांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या होती नाबाद १८९. मुलगा पुढे गेला, पण शाबासकी द्यायला वडील नव्हते.

युवराज सिंगची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. वडील योगराज सिंग भारताकडून एक कसोटी आणि सहा एकदिवसीय सामने खेळले. छोट्या युवराजला मात्र स्केटिंगचं वेड होतं आणि चौदा वर्षांखालच्या गटात त्यानं स्केटिंगचं पदकही जिंकलं होतं. वडिलांनी ते पदक फेकून दिलं आणि सांगितलं, आता फक्त क्रिकेट. ही गोष्ट युवराजनं स्वतःच अनेकदा सांगितली आहे.

इथे आपण पटकन म्हणतो, "बघा, बापानं कडक वागून पोराचं सोनं केलं. २०११ चा विश्वचषक कुणी जिंकून दिला?" बरोबर आहे. त्या विश्वचषकात युवराजनं ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले आणि तोच मालिकावीर ठरला. पण माझा एक साधा प्रश्न आहे. ज्यांच्या मुलांची पदकं अशीच फेकली गेली आणि ज्यांचा पुढे युवराज झाला नाही, त्यांच्या गोष्टी आपल्याला कोण सांगणार?

दोन मुलगे, सहा षटकार आणि एक दंड

थोडं हसूया का? १९ सप्टेंबर २००७, डर्बन. युवराजनं एका षटकात सहा षटकार मारले, ते कुणाला? स्टुअर्ट ब्रॉडला. म्हणजे पिचच्या दोन्ही टोकांना कसोटीपटूंचीच मुलं होती! स्टुअर्टचे वडील ख्रिस ब्रॉड इंग्लंडकडून २५ कसोटी खेळले आणि पुढे सामनाधिकारी झाले. युवराजनं नंतर एक किस्सा सांगितला. दुसऱ्या दिवशी ख्रिस ब्रॉड त्याला भेटले आणि म्हणाले की, माझ्या मुलाची कारकीर्द तू जवळजवळ संपवलीस, आता निदान त्याच्यासाठी शर्टवर सही तरी दे.

कारकीर्द काही संपली नाही. स्टुअर्ट ब्रॉड २०२३ साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६०४ कसोटी बळी होते.

पण खरी गंमत २०२० सालची आहे. मँचेस्टरला पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत स्टुअर्टनं बाद झालेल्या फलंदाजाला उद्देशून नको ते शब्द वापरले. सामनाधिकाऱ्यांनी त्याच्या मानधनातली १५ टक्के रक्कम कापली. सामनाधिकारी कोण? ख्रिस ब्रॉड! सख्ख्या बापानं दंड केला. मुलानंही मग गमतीत जाहीर करून टाकलं की, यंदा नाताळला बाबांना कार्ड नाही आणि भेटही नाही.

आता यातलं आतलं गुपित ऐका. १९८८ साली सिडनीला हेच ख्रिस ब्रॉड १३९ धावांवर बाद झाले तेव्हा त्यांनी रागानं स्टंपवर बॅट हाणली होती आणि त्यांनाही दंड झाला होता. म्हणजे राग घराण्यातलाच! पण खुर्चीवर बसल्यावर वडिलांनी हे पाहिलं नाही की समोर कोण उभा आहे.

आपल्याकडेही असा एक प्रसंग झाला. १९८३ च्या विश्वचषकात सर्वाधिक १८ बळी घेणारे रॉजर बिन्नी २०१२ साली राष्ट्रीय निवड समितीत आले. त्यांचा मुलगा स्टुअर्ट बिन्नी तेव्हा कर्नाटककडून चांगला खेळत होता आणि भारतीय संघासाठी त्याचं नाव चर्चेत येत होतं. मग वडिलांनी काय करावं? तेव्हा बातम्यांत आलं होतं की, स्टुअर्टच्या नावाची चर्चा सुरू झाली की रॉजर बिन्नी बैठकीच्या खोलीतून बाहेर जायचे.

स्टुअर्टला २०१४ साली संधी मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये मीरपूरला भारताचा डाव १०५ धावांत आटोपला होता. सगळ्यांनी सामना सोडून दिला होता. तेव्हा स्टुअर्टनं फक्त ४ धावांत ६ बळी घेतले आणि बांगलादेशला ५८ धावांत गुंडाळलं. एकदिवसीय क्रिकेटमधली कुठल्याही भारतीयाची ती तोपर्यंतची सर्वोत्तम कामगिरी. आणि २०१६ साली अमेरिकेत एव्हिन लुईसनं त्याच स्टुअर्टच्या एका षटकात पाच षटकार मारले. पहिल्या दिवशी तो "बापासारखा" होता, दुसऱ्या दिवशी तो "बापामुळे" होता. खेळणारा तोच होता, बोलणारे आपण होतो.

मला रॉजर बिन्नींचं ते खोलीबाहेर जाणं फार आवडतं. दार ओढून घेऊन बाहेर उभं राहणं सोपं नसतं. आत आपल्या मुलाबद्दल लोक काय बोलतायत हे ऐकावंसं वाटणार नाही असा बाप कोण आहे?

आपलं गाव सोडून

मराठी घरांतल्या क्रिकेटपटूंच्या मुलांकडे बघताना मला एक गोष्ट जाणवली. त्यातल्या काहींना स्वतःची जागा वडिलांच्या गावापासून लांब जाऊन सापडली.

सुनील गावस्कर यांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, अशा तीन आवडत्या फलंदाजांची नावं एका बाळाला! एवढं ओझं तर बारशालाच. रोहन डावखुरा निघाला आणि मुंबईऐवजी बंगालकडून खेळला. गंमत बघा, कोलकात्याचं ईडन गार्डन्स म्हणजे तेच मैदान जिथे ८० च्या दशकात प्रेक्षकांनी सुनील गावस्करांची हुर्यो उडवली होती. ते इतके दुखावले होते की, १९८७ साली तिथली पाकिस्तानविरुद्धची कसोटी ते खेळलेच नाहीत. वडिलांनी पाठ फिरवलेल्या त्या शहरात मुलगा स्थिरावला आणि बंगालचा कर्णधार झाला. भारताकडून तो ११ एकदिवसीय सामने खेळला. वडिलांच्या १०,१२२ कसोटी धावांपुढे ११ सामने कमी वाटतात ना? पण देशाकडून एकही सामना न खेळलेले आपण सगळे हे म्हणतोय, हे विसरायला नको.

पुण्याचे हेमंत कानिटकर भारताकडून दोन कसोटी खेळले आणि त्यांचा मुलगा हृषिकेशही दोनच. पण हृषिकेश म्हटलं की आपल्याला आठवतो तो जानेवारी १९९८ मधला ढाक्याचा चौकार. पाकिस्तानविरुद्ध ३१५ धावांचा पाठलाग, शेवटचे दोन चेंडू, तीन धावा हव्यात आणि समोर सकलेन मुश्ताक. हृषिकेशनं चौकार मारला आणि अख्ख्या देशात फटाके फुटले. पुढे तो राजस्थानला गेला आणि कर्णधार म्हणून त्यानं त्या संघाला रणजी करंडक जिंकून दिला.

आणि अर्जुन तेंडुलकर. मुंबई सोडून तो गोव्याकडून खेळायला लागला. डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्धच्या रणजी पदार्पणात त्यानं शतक केलं. वडिलांनीही १९८८ च्या डिसेंबरमध्ये रणजी पदार्पणात शतकच केलं होतं. तरीही त्याच्या कुठल्याही फोटोखाली काय लिहिलं जातं हे तुम्हाला माहीत आहे. कदाचित तुम्हीही कधीतरी लिहिलं असेल. मीही एकदा हसण्याची खूण टाकली होती. आता लाज वाटते.

पेन आणि बॅट

अर्जुनच्या वडिलांचं एक बोलणं मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्तीनंतर दुसऱ्या दिवशी सचिन तेंडुलकर पत्रकारांशी बोलत होते. अर्जुन तेव्हा चौदा वर्षांचा होता, म्हणजे माझ्या भावाएवढा. सचिन यांनी एक बाप म्हणून विनंती केली की, त्याला एकटं सोडा, त्यानं माझ्यासारखंच खेळावं अशी अपेक्षा करू नका. मग त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: माझे वडील प्राध्यापक होते, त्या हिशेबानं माझ्या हातात पेन असायला हवं होतं. पण तेव्हा माझ्या वडिलांना कुणी विचारलं नाही की, तुमच्या मुलाच्या हातात पेनऐवजी बॅट कशी?

किती साधं आणि किती खरं! रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. त्यांनी मुलाला क्रिकेटमधलं काय शिकवलं असेल? स्ट्रेट ड्राइव्ह नक्कीच नाही. पण सचिन यांनी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं की, अकराव्या वर्षी वडिलांनी आपल्याला मोकळीक दिली. स्वप्नांच्या मागे जा म्हणाले, फक्त आडवाटेनं जाऊ नकोस म्हणाले. भारताच्या सर्वांत मोठ्या फलंदाजाच्या वडिलांनी त्याला एकही पॅड दिला नव्हता. मोकळीक दिली होती.

आमच्या बडोद्याचे बापलेक

मी बडोद्यात वाढले, त्यामुळे एका जोडीबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख संपवणं मला शक्य नाही. दत्ताजीराव गायकवाड आणि अंशुमन गायकवाड.

राजवाड्याच्या आवारातलं मोतीबाग मैदान आणि गायकवाड बापलेक हे विषय आमच्याकडे आजोबांच्या पिढीपासून जेवताना निघतात. दत्ताजीरावांच्या नेतृत्वाखाली बडोद्यानं १९५७-५८ चा रणजी करंडक जिंकला. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारताचे कर्णधार होते. तो दौरा फार वाईट गेला, पाचही कसोटी आपण हरलो. त्यातल्या चार सामन्यांत कर्णधार तेच होते. एकूण ११ कसोटींत सर्वाधिक धावसंख्या ५२.

मुलगा अंशुमन ४० कसोटी खेळले. १९७६ साली किंग्स्टनला, हेल्मेट नसलेल्या त्या काळात, वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर ते ८१ धावांपर्यंत उभे राहिले. शेवटी चेंडू कानावर आदळला आणि त्यांना बाहेर नेलं. १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ते ६७१ मिनिटं खेळले आणि २०१ धावा केल्या. अकरा तासांहून जास्त! पुढे ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९९९ साली दिल्लीत कुंबळेनं डावातले दहाच्या दहा बळी घेतले तेव्हा प्रशिक्षक तेच होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दत्ताजीराव गेले. वय ९५. तोपर्यंत ते भारतातले सर्वांत वयस्कर हयात कसोटीपटू होते. तेव्हा अंशुमन स्वतः रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होते. जुने सहकारी त्यांच्या उपचारांसाठी धावून आले, क्रिकेट मंडळानं एक कोटी रुपये दिले. पण ३१ जुलै २०२४ रोजी तेही गेले. सहा महिन्यांच्या आत बापलेक दोघेही.

त्या दिवशी आमच्या घरी रात्री जेवताना बाबा म्हणाले, "दत्ताजीरावांपेक्षा अंशुमन जास्त खेळला. पण बडोद्यात कुणी कधी दोघांना तराजूत घातलं नाही." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

हेच मी बाबांना आठवून दिलं. दिवाळीनंतरचा तो रविवार गेला आणि एका संध्याकाळी चहा पिताना मी त्यांना पेन आणि बॅटची गोष्ट सांगितली. रॉजर बिन्नी खोलीबाहेर जायचे तेही सांगितलं. आणि शेवटी, भावाला विचारून, स्कूटरवरच्या वीस मिनिटांचंही सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. "त्यानं मला का नाही सांगितलं?" एवढंच विचारलं. उत्तर त्यांनाच माहीत होतं.

पुढच्या मॅचला बाबा गेले, पण बाउंड्रीला चिकटून उभे राहिले नाहीत. फाटकाबाहेरच्या उसाच्या रसवाल्याकडे बसले. मॅच संपल्यावर भाऊ स्कूटरवर मागे बसला. बाबांनी गाडी सुरू केली आणि विचारलं, "भूक लागलीय का?" त्यानंतर काहीच बोलले नाहीत. भाऊ सांगतो, पहिली पाच मिनिटं फार विचित्र वाटलं. मग रेल्वे फाटक बंद होतं तिथे थांबल्यावर तोच म्हणाला, "बाबा, आज एक गुगली बरोबर पडली." घरी येईपर्यंत तोच बोलत होता.

आणि पॅड? ते भावाच्या टीममधल्या ओपनरला दिले. त्याच्याकडे स्वतःचे नव्हते. बाबांनी मोच्याकडे नेऊन त्यांचे पट्टे नवे करून घेतले. आता नेटमध्ये तो मुलगा बाबांचे पॅड बांधून उभा असतो आणि माझा भाऊ त्याला बाद करायला बघतो. आई खूश आहे, कारण माळ्यावर जागा झाली.

मंडळी, तुमच्या घरी कदाचित क्रिकेट नसेल. दुकान असेल, दवाखाना असेल, तबला असेल, शिक्षकी पेशा असेल. आपण मुलांना जे द्यायला निघालोय ते त्यांच्या मापाचं आहे का, एवढं बघूया. आणि मापाचं असलं, तरी ते त्यांना हवंय का, हेही एकदा विचारूया.

आज मूल घरी आलं की पहिला प्रश्न कोणता विचारणार? 'किती मिळाले' की 'भूक लागली का'? करून बघा आणि मला नक्की कळवा.